बारा व्होल्टांतून पंचवीस हजार

डोंबिवली किंवा ठाण्याच्या फलाटावरून वर पाहिले की लोकलच्या टपावरून गेलेली तार दिसते. तिच्यात २५,००० व्होल्ट असतात. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, तेव्हापासून मुंबईच्या लोकल १५०० व्होल्टांच्या डीसीवर चालल्या. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून तो प्रवाह जून २०१५ मध्ये कायमचा गेला आणि पंचवीस हजारांचा एसी आला. त्या तारेपासून दूर राहा, असे सांगणाऱ्या पाट्या जागोजागी आहेत आणि त्या अगदी रास्त आहेत.

आता एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडा. आत वीतभरही उंची नसलेला एक धातूचा डबा असतो. त्याच्या डोक्यावर काळ्या बेकेलाइटची टोपी आणि टोपीतून निघालेली एक जाड वायर. हीच इग्निशन कॉइल. तिला बॅटरी देते बारा व्होल्ट आणि ती स्पार्क प्लगला देते वीस-पंचवीस हजार. लोकलच्या तारेइतकाच दाब, तोही त्या एवढ्याशा डब्यात, आणि एका सेकंदात अनेकदा. ही गोष्ट मला आजही पूर्ण पचलेली नाही.

फरक आहे तो ऊर्जेचा. रेल्वेची तार अख्खी बारा डब्यांची गाडी ओढते. कॉइलच्या एका ठिणगीत असतात साधारण पन्नास मिलिज्यूल, म्हणजे पाच ग्रॅमचे वजन एक मीटर उचलायला लागेल तेवढी ऊर्जा. पण सिलिंडरात दाबलेले पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाला पेटायला तेवढे पुरते. मात्र ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते आणि पुन्हा पुन्हा पडावी लागते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. शिळफाट्याच्या कोंडीत तासभर नुसते इंजिन चालू ठेवून बसलात, तरी लाखाच्या घरात ठिणग्या पडून गेलेल्या असतात. त्यातली एकही कोणी पाहिलेली नसते.

न दिसणारी ही ठिणगी डोळ्यांना दिसावी आणि कानांना ऐकू यावी म्हणून एकेकाळी खास पेट्या बनवल्या गेल्या. कॉइल टेस्टर. पुढच्या बाजूला एक-दोन काट्याचे मीटर, काही बटणे, आणि काचेआड समोरासमोर रोखलेल्या दोन सुया. ही पेटी आता जवळजवळ कुठेच वापरात नाही. मात्र एखादी हाती आली आणि ती पुन्हा चालू करायची ठरवली, तर विजेच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून हात घालून जावे लागते.

आधी कॉइलचे आतले काम पाहू. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती जाड तारेचे दोनशे-अडीचशे वेढे असतात आणि केसासारख्या बारीक तारेचे वीस हजारांच्या आसपास. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क, मिटलेले असतात तोवर हा प्रवाह वाढत वाढत तीन-चार अँपिअरपर्यंत पोहोचतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. मग कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो. घरातला नळ झटक्यात बंद केला की पाइपात धाडकन आवाज होतो ना, तसेच इथे घडते. वाहती गोष्ट अचानक थांबवली की तिचा सगळा जोर दाबाच्या रूपाने अंगावर येतो. बारा व्होल्टांच्या वेढ्यांत क्षणभर अडीचशे-तीनशे व्होल्ट उसळतात, आणि बारीक तारेचे वेढे ऐंशी-शंभर पट असल्यामुळे तिच्या टोकाला पंचवीस हजार.

प्रवाह तुटायला मात्र स्वच्छ तुटला पाहिजे. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच आग पेटली, तर दाब तिथेच वाया जातो आणि पॉइंटही जळतात. त्यासाठी पॉइंटला समांतर एक कंडेन्सर लावतात. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. आयर्लंडमधल्या मेनूथच्या निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकाने १८३६ मध्ये अशी कॉइल केली. पॅरिसच्या हाइनरिश रुमकोर्फने १८५१ पासून ती सुबक बनवून विकली. तिला कंडेन्सर जोडायची कल्पना अर्मां फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये मांडली. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली होती. पुढे प्रत्येक पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरला चिकटलेला तो करंगळीएवढा कंडेन्सर म्हणजे फिझोचीच कल्पना.

आपल्या पट्ट्यात या कॉइलींना तोटा नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि मग १९७४ पासून पद्मिनी बाहेर पडली. कुर्ल्याहून ठाण्याकडे येताना भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा बनत होत्या. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचाच दुसरा कारखाना होता. १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार झाली. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि डोंबिवलीकर त्या जागेला अजून प्रीमियर ग्राउंड म्हणतात. ठाण्याचे वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, अंबरनाथ असा सगळा कारखान्यांचा प्रदेश. इथल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या ‘पॉइंट घासा, प्लग साफ करा, कॉइल बघा’ या तीन वाक्यांवर वाढल्या. खोपटच्या किंवा विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत मात्र कॉइल टेस्टर शोधायला जाऊ नका. डिझेल इंजिन हवा दाबून तापवते आणि त्या उष्णतेवरच पेटते. त्याला ठिणगी लागतच नाही.

गॅरेजमधली रोजची परीक्षा साधी असे. प्लगची वायर काढायची, इंजिनाच्या अंगाजवळ धरायची, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. ‘करंट येतोय’ म्हटले की कॉइल पास. ही परीक्षा अर्धी खोटी आहे, आणि याच खोटेपणामुळे टेस्टर जन्माला आला.

हवेत ठिणगी पडायला किती दाब लागतो, याचा नियम फ्रिडरिश पाशेनने १८८९ मध्ये मांडला. विजेचा हा दाब ठरतो तो हवेचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर. मोकळ्या हवेत, सपाट टोकांमध्ये एक मिलिमीटर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. प्लगची फट पाऊण मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणजे बाहेर तिला दोन हजार बस्स. पण सिलिंडरात पिस्टन वर आल्यावर हवा सात-आठ पट दाबलेली असते. तिथे तीच फट बाहेरच्या पाच-सहा मिलिमीटरइतकी अवघड होते. मरायला टेकलेली कॉइलसुद्धा बाहेर निळी ठिणगी दाखवते आणि आत गेल्यावर हात टेकते. मेकॅनिक गोंधळतो, गिऱ्हाईक चिडते, आणि नसलेला दोष कार्बुरेटरच्या माथी मारला जातो.

टेस्टरने यावर सरळ उपाय काढला. बंद सिलिंडर बनवण्याऐवजी मोकळ्या हवेतली फटच मोठी करायची. सुया मागे-पुढे सरकवता येतात, बाजूला मिलिमीटरची पट्टी असते. पेटीत एक छोटी मोटर कॅम फिरवून पॉइंट उघड-मीट करते. कॉइल जोडायची आणि सुया दूर नेत जायचे. किती अंतरापर्यंत ठिणगी न चुकता पडते, तोच कॉइलचा निकाल.

न चुकता हा शब्द मात्र विजेला मान्य नाही. इथे या पेटीतला सर्वांत सुंदर भाग येतो. दोन सुयांच्या फटीत पुरेसा दाब असला तरी ठिणगी लगेच पडेलच असे नसते. सुरुवातीला हवेत किमान एक मोकळा इलेक्ट्रॉन लागतो. दाब त्याला ढकलतो, तो हवेच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतो, त्यांची लाट होते आणि मग ठिणगी. तो पहिला इलेक्ट्रॉन येतो कुठून? दगड-मातीतल्या किंचित किरणोत्सारातून, किंवा अवकाशातून अखंड बरसणाऱ्या वैश्विक किरणांतून. म्हणजे डोंबिवलीच्या गॅरेजमधली ठिणगी कधी कधी आकाशातून येणाऱ्या एका कणासाठी खोळंबलेली असते! हा कण सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा आला, तर तोवर कॉइलचा दाब ओसरून गेलेला असतो. ठिणगी चुकते, आणि दोष मात्र कॉइलवर येतो.

म्हणून चांगल्या टेस्टरमध्ये तिसरी सुई असते. ती एका मुख्य सुईच्या अगदी जवळ, केसाएवढ्या फटीवर असते आणि कशालाच जोडलेली नसते. दाब चढू लागला की आधी तिच्यात आणि शेजारच्या सुईत एक नगण्य ठिणगी उडते. तिच्या अतिनील प्रकाशाने मोठ्या फटीत इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मुख्य ठिणगीला वाट पाहावी लागत नाही. एका ठिणगीचा प्रकाश दुसरीला मदत करतो, हे हाइनरिश हर्ट्झच्या १८८७ मध्येच लक्षात आले होते. रेडिओलहरींच्या शोधात असताना त्याला हे अनाहूत सापडले. पुढे त्यातूनच प्रकाशविद्युत परिणामाचा अभ्यास सुरू झाला आणि तो आइन्स्टाइनपर्यंत गेला. तेच तत्त्व इथे मोटारीच्या कॉइलची परीक्षा घेताना कामाला लावलेले आहे. आणि दुरुस्तीला आलेल्या पेटीत हीच सुई गायब असण्याची शक्यता सर्वांत जास्त. वायर नसलेली सुई पाहून आधीच्या कोणी तरी ‘तुटलेली दिसते’ म्हणून ती उपटून टाकलेली असते.

अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांसाठी याहून देखणा टेस्टर होता. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी विकल्या गेलेल्या या गाडीत चार सिलिंडरांना चार वेगळ्या कॉइली असत. प्रत्येक कॉइल लाकडी पेटीत, आणि वर मधमाशीसारखा गुणगुणणारा व्हायब्रेटर. टेस्टरला हाताने फिरवायचा दांडा आणि चुंबकांचे चाक असे. दांडा फिरवला की गोल कड्यावर सोळा ठिकाणी ठिणग्या पडत. नीट लावलेली कॉइल सोळाही ठिकाणी एकेकच ठिणगी टाकी. कुठे दोन पडल्या किंवा एखादी जागा कोरी राहिली, तर पुन्हा पत्ती वाकवायची. अनेकांना हे यंत्र नुसते बघायलाही आवडेल. फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी काढून मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती, तेव्हा या गुणगुणणाऱ्या कॉइली आपल्या रस्त्यांनाही अनोळखी नव्हत्या.

ठिणगीची आणखी एक ओळख आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आहे, फक्त ती तिच्या नावाने नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चाळीत एका घरी टीव्ही आणि समोर अर्धी चाळ. ऐन रंगात खालून स्कूटर गेली की पडद्यावर पांढरे ठिपके तडतडत. ठिणगी म्हणजे मुळात एक रेडिओ केंद्रच. जगातले पहिले बिनतारी संदेश ठिणग्यांनीच पाठवले गेले. ज्याला तेव्हा शिव्या पडल्या, तो स्कूटरवाला नकळत मार्कोनीची परंपरा चालवत होता.

आता दुरुस्ती. बंद पडलेला टेस्टर मला तेवढा भीतिदायक वाटत नाही. चालू असून खोटे बोलणारा टेस्टर भीतिदायक. तो चांगल्या कॉइली भंगारात पाठवतो आणि वाईट कॉइली गाडीत. पेटी ‘चालू करणे’ आणि पेटी ‘खरे बोलायला लावणे’ ही दोन कामे आहेत. बहुतेक लोक पहिल्यावर थांबतात.

पहिला नियम असा की मिळाल्या दिवशी पेटीची पिन सॉकेटात घालायची नाही. आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनच्या भिंतीवर असतो तो सिरीज बोर्ड इथे कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा भारी. पेटीच्या वाटेत शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब घालायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. सगळे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. इथे एलईडी बल्ब चालत नाही. तारेचा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, तेव्हा असेल तो जपून ठेवावा.

त्याआधीही मागची पाटी वाचायची. अमेरिकन पेटी ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने उतरवता येते, पण हर्ट्झ तसेच राहतात. आतली मोटर एसीच्या तालावर फिरणारी असेल, तर मिनिटाला १८०० ऐवजी १५०० फेरे घेते. कमी वेगात पॉइंट जास्त वेळ मिटलेले राहतात, कॉइलला भरायला जास्त वेळ मिळतो, आणि लंगडी कॉइलही पास होते. पेटी उत्तम चालतेय असे वाटते. आवाज छान, ठिणगी निळी. फक्त निकाल चुकीचा.

मग कंडेन्सर. जुने कंडेन्सर मेणात बुडवलेल्या कागदाचे असतात. ठाणे जिल्ह्यातल्या पावसाळ्यांत त्यांनी ओल ओढलेली असते. मल्टिमीटर लावला तर ते ‘ठीक’ म्हणतात, कारण मल्टिमीटर त्यांच्यावर जेमतेम काही व्होल्ट टाकतो. तीनशे व्होल्ट पडले की गळती सुरू. तपासायचे तर मेगरने, म्हणजे शेकडो व्होल्ट टाकून गळती पाहणाऱ्या मीटरने, आणि बदलायचे तर सरळ ६३० व्होल्टांचे फिल्म कपॅसिटर घालायचे. लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतात. काही जुन्या मोठ्या, तेल भरलेल्या कंडेन्सरांत पीसीबी नावाचे विषारी तेल असते. असा गळका डबा उघडू नये, हातमोज्यांशिवाय हाताळूही नये.

डीसी बनवणारा भाग अनेक पेट्यांत सेलेनियमचा असतो. चौकोनी पत्र्यांची उतरंड, बहुधा रंगवलेली. वयाने तो थकतो आणि जळाला तर इतका घाण वास येतो की एकदा घेतलेला कोणी विसरत नाही. तो वास विषारी आहे, खिडक्या उघडाव्यात. त्याजागी आजचा सिलिकॉन डायोड पाच मिनिटांत बसतो. पण सेलेनियमच्या प्रत्येक पत्र्यावर थोडा दाब खर्च होत असे, सिलिकॉनमध्ये तो फारच कमी होतो. परिणामी पेटीतला डीसी वाढतो, कॉइलला बाराऐवजी जास्त मिळते, आणि पुन्हा सगळ्या कॉइली तगड्या दिसू लागतात. डायोडबरोबर मापाचा रेझिस्टर घालून मूळ व्होल्टेज परत आणणे हे खरे काम. माझ्या मते निम्म्या ‘दुरुस्त’ पेट्या इथेच बिघडतात.

पॉइंटबद्दल गॅरेजवाल्यांशी माझा जुना वाद आहे. टंगस्टनचे पॉइंट वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यांवर ऑक्साइडचा थर येतो. हात लगेच पॉलिश पेपरकडे जातो. पण त्याची खर धातूत रुतते आणि तिथूनच पुढे जळायला सुरुवात होते. बारीक चपटी कानस हलकेच फिरवावी, नंतर कोरा जाड कागद ओढावा. फट फीलर गेजनेच ठरवावी. डोळ्यांनी नाही.

मीटरचा काटा अडकत असेल तर घाई करू नये. काचेआड चुंबकाच्या फटीत लोखंडाचा एखादा कण गेला असेल तर तो चिकटपट्टीच्या टोकाने काढता येतो. काटा मोकळा झाला तरी त्याचे म्हणणे लगेच मान्य करायचे नाही. जुने चुंबक कमजोर झाले असतील तर तो कमी दाखवतो. नव्या डिजिटल मीटरशी ताडून पाहावे, पण ठिणगी बंद असताना. ठिणगी चालू झाली की डिजिटल मीटर वेड्यासारखे आकडे नाचवतो, आणि साठ वर्षांपूर्वीचा काटा शांतपणे आपल्या जागी उभा असतो.

सर्वांत चिवट दुखणे पेटीच्या कातडीचे. सुया ज्या बेकेलाइटच्या पट्टीवर बसवलेल्या असतात, तिच्यावर धूळ आणि ओल बसते. एखाद्या पावसाळी दिवशी ठिणगी हवेतून न जाता पट्टीवरून सरपटत जाते आणि मागे कोळशाची बारीक रेघ सोडते. कोळसा विजेचा वाहक. पुढच्या वेळी तीच वाट सोपी. झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते आणि पट्टी कायमची गळकी होते. ही नक्षी पुसून जात नाही, टोकदार पात्याने खरवडून काढावी लागते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, बल्बच्या उबेत दिवसभर वाळवायचे आणि इन्सुलेटिंग वॉर्निश द्यायचे. खोल गेली असेल तर पट्टी नवीन कापावी. जून ते सप्टेंबर हे काम कल्याण-डोंबिवलीत करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीनंतर करावे.

सुयांकडे शेवटी पाहायचे. टोकदार सुयांच्या फटीला बोथट टोकांपेक्षा कमी दाब पुरतो आणि पेटीवरची पट्टी धारदार सुया धरूनच आखलेली असते. ठिणग्यांनी टोके झिजून गोल झाली की तीच फट जास्त दाब मागते. आता पेटी उलट्या दिशेने खोटे बोलते आणि धडधाकट कॉइलला नापास करते. म्हणजे पेटीत एकाच वेळी दोन खोटेपणा असू शकतात, एक चढवणारा आणि एक उतरवणारा, आणि योगायोगाने ते एकमेकांना झाकू शकतात. यावर एकच इलाज. खात्रीची, गाडीत नीट चालणारी एक कॉइल हाताशी ठेवावी आणि तिच्यावर पेटी पारखावी.

पेटी खरे बोलू लागली की तिची खरी करामत दिसते ती गरम परीक्षेत. कसारा घाट चढताना पद्मिनी मध्येच बंद पडे, अर्धा तास थांबले की पुन्हा चालू होई. ड्रायव्हर इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत, कारण पेट्रोलची वाफ अडते असा समज. कित्येकदा तो बरोबरही असे. पण अगदी अशीच लक्षणे तापलेल्या कॉइलचीही असतात. थंड असताना कॉइल निर्दोष. तापल्यावर तार फुगते, वेढ्यांवरचे इन्सुलेशन जुने झालेले असते, आणि दोन शेजारी वेढे एकमेकांना टेकतात. वीस हजारांतले थोडे वेढे शॉर्ट झाले तर कॉइलचा रोध नगण्यच कमी होतो. कुठलाही मल्टिमीटर हे पकडू शकत नाही. पण त्या बंद वेढ्यांत उलटा प्रवाह फिरू लागतो आणि गाभ्यातली साठवण खाऊन टाकतो. बाकी हजारो वेढे शाबूत असून थोड्या वेढ्यांनी ठिणगी मरते. टेस्टरवर कॉइल वीस मिनिटे चालती ठेवून सुयांकडे बघत बसले, की सहा मिलिमीटर सहज ओलांडणारी ठिणगी हळूहळू पिवळी पडते, चुकू लागते आणि थांबते. ज्या दोषाला मीटर नाही, तो डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

ठिणगीची दिशाही अशीच साध्या डोळ्यांनी कळते. फटीत शिसपेन्सिलीचे टोक धरावे, अर्थात हातात इन्सुलेटेड चिमटा घेऊन. पेन्सिलीच्या ज्या बाजूला नारिंगी झळक दिसते ती बाजू प्लगची, म्हणजे अर्थिंगची असावी. उलट दिसली तर कॉइलच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत. प्लगचा मधला तापलेला दांडा ऋण असला तर त्यातून इलेक्ट्रॉन सहज निघतात. धन असला तर ठिणगीला बराच जास्त दाब लागतो. गाडी चालते, पण पावसात सुरू होत नाही.

हे सगळे आता कशाला, असे कोणी विचारेल. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची गेली. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असते, पॉइंट नसतात, आणि संगणक दोषाचा क्रमांक सांगतो. तरीही जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम जाहीर केले, आणि त्यांच्या नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे आली. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. त्या गाड्यांना जुन्या पद्धतीच्याच कॉइली लागणार, आणि त्या कॉइली पारखायला दुसरे सोपे साधन नाही.

तेव्हा तुमच्या घरात, वडिलांच्या बंद गॅरेजच्या माळ्यावर, काचेआड सुया असलेली अशी पेटी असेल तर एवढे करा. तिची पिन सॉकेटात घालू नका. मागच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. सुया मोजा, आणि तिसरी सुई कशालाच जोडलेली नसली तरी तिला हात लावू नका. घरात कोणाला पेसमेकर असेल तर पेटी चालू करताना त्यांना दूर ठेवा. आणि पेटी नकोच असेल, तर भंगारवाल्याच्या तराजूवर चढवण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवणाऱ्या निदेशकांना एकदा विचारा.